अनारसे: पिठी, गूळ आणि तळणीच्या नेमक्या खुणा

चकली कडक झाली तर पुढच्या घाण्याआधी पिठात थोडं मोहन घालून सावरता येतं. अनारशाला ती सोय नाही. तळायला बसण्याच्या पाच-सहा दिवस आधी पिठी जशी तयार झाली असेल, तसाच अनारसा उतरतो. अनारसे बिघडले की कढईला, तुपाला किंवा गॅसला दोष दिला जातो. बहुतेक वेळा खरी चूक तांदूळ वाळवताना झालेली असते. पिठीत किती ओल राहिली, यावर सगळं ठरतं, म्हणून पिठी सवडीने करावी आणि तळणीची तयारी नंतर.

दिवस उलटे मोजायचे. तीन दिवस तांदूळ भिजवणं, चौथ्या दिवशी पिठी आणि गूळ, त्यानंतर किमान पाच-सहा दिवस मुरवणं. कोजागिरीला तांदूळ भिजत घातले की लक्ष्मीपूजनाच्या आधी तळायला चार-पाच दिवस हाताशी राहतात. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं असेल, तर ऋतूचा विचार आधी करावा लागतो, कारण हा महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो आणि दर वेळी वेगळ्या हवेत येतो. २०२३ मध्ये तो श्रावणात, भर पावसाळ्यात होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तांदूळ लवकर आंबतात आणि लवकर वाळतात. श्रावणात वाळता वाळत नाहीत आणि पिठीला बुरशी धरण्याची भीती असते. दिवाळीची हवा या कामाला सर्वांत सोपी.

साहित्य (४० ते ४५ अनारशांसाठी)

- जुना कच्चा तांदूळ ५०० ग्रॅम (यातून चाळलेली ओलसर पिठी साधारण ५५० ग्रॅम मिळते)
- साधा पिवळा मऊ गूळ, दर ५०० ग्रॅम पिठीला ४०० ग्रॅम
- साजूक तूप २ चहाचे चमचे, पिठीत घालायला
- खसखस ५० ग्रॅम
- तळायला साजूक तूप, कढईत दीड इंच उभं राहील इतकं

तांदूळ जुना घ्यायचा. कोलम किंवा साधा जाडा तांदूळ उत्तम. इंद्रायणी आणि आंबेमोहोर भाताला कितीही छान असले तरी चिकट आहेत, त्यांचा अनारसा आत गच्च राहतो. उकडा तांदूळ मुळीच चालत नाही, त्याचा पिष्टमय भाग आधीच शिजलेला असतो.

गूळ चिक्कीचा नको. त्याने अनारसा चिवट आणि गार झाल्यावर कडक होतो. गूळ जिभेवर ठेवून पाहावा. खारट लागला तर तो भाजी-आमटीला ठेवून दुसरा आणावा.

भिजवणं

तांदूळ चार-पाच पाण्यांनी धुऊन, वर चार बोटं पाणी राहील असे भिजत घालावेत. पाणी दर चोवीस तासांनी बदलायचं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा. बदलताना तांदूळ हलक्या हाताने एकदा खळबळून घ्यावेत, चोळू नयेत.

दुसऱ्या दिवसापासून पाण्यावर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. हे हवंच आहे. या आंबण्याने दाणा आतून ठिसूळ होतो, पिठी मऊ पडते आणि पुढे जाळीला मदत होते. वास ताकासारखा असावा. कुजका, नाकाला झोंबणारा वास आला किंवा पाणी तार धरू लागलं, तर पाणी बदलायला उशीर झालेला असतो. असे तांदूळ टाकून द्यावेत, धुऊन सुधारत नाहीत.

तिसऱ्या दिवसाच्या शेवटी एक दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबून पाहा. सहज चुरला पाहिजे. मध्ये टणक कणी लागली तर आणखी एक रात्र ठेवावेत.

वाळवणं

सगळ्या कृतीतला नाजूक भाग हा. तांदूळ चाळणीत उपसून अर्धा तास निथळू द्यावेत. मग सुती पंचावर किंवा जुन्या धुतलेल्या धोतरावर एकेरी थरात पसरावेत. सावलीत. उन्हात अजिबात नाही, कारण उन्हात दाण्याची वरची बाजू कोरडी खडखडीत होते आणि आत ओल तशीच राहते, आणि मग पिठी एकसारखी होत नाही. पंखा लावायचाच असेल तर मंद, आणि दर पंधरा मिनिटांनी दाणे हाताने वरखाली करत राहायचं.

वेळ सांगून उपयोग नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत पाऊण तासात होणारं काम रत्नागिरीत किंवा मुंबईत दीड-दोन तास घेतं. त्यापेक्षा खूण पाहावी. मूठभर तांदूळ घट्ट दाबून मूठ उघडायची. दाणे तळहाताला चिकटलेले राहिले, हात गार आणि ओलसर वाटला, पण बोटांच्या बेचक्यात पाणी दिसलं नाही, की तांदूळ तयार. दाणे सुटून घरंगळले तर जास्त वाळले. अशा वेळी ओला करून घट्ट पिळलेला पंचा त्यांच्यावर अर्धा तास झाकून ठेवला की सावरतात.

स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर तो सर्वांत खात्रीचा. ५०० ग्रॅम कोरडे तांदूळ भिजून, निथळून, वाळवल्यावर साधारण ६०० ते ६२० ग्रॅम भरले पाहिजेत. ६६० असतील तर अजून पाणी आहे, पुढे गूळ घातल्यावर पातळ होणार. ५६० वर आले असतील तर अनारसा कोरडा, भेगाळलेला होणार.

पिठी

तांदूळ उचलून झाकलेल्या पातेल्यात ठेवावेत आणि थोडे थोडे काढून दळावेत. दळता दळता उरलेले उघडे राहिले तर शेवटची पिठी पहिल्यापेक्षा कोरडी निघते. पिठाच्या गिरणीत ओले तांदूळ चालत नाहीत, म्हणून पूर्वी खलबत्ता किंवा उखळ वापरत आणि आता मिक्सर. मिक्सरच्या लहान भांड्यात एका वेळी अर्धी वाटीच घ्यावी, दहा-दहा सेकंदांनी थांबत फिरवावं. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि पिठी पात्याखाली गोळा होऊन बसते.

चाळायला मैद्याची बारीक चाळणीच हवी. रव्याची चाळणी वापरली की कणी राहते, आणि तळताना नेमकी तिथेच पुरी फाटते. चाळणीत उरलेला रवा पुन्हा दळून पुन्हा चाळावा. दुसऱ्यांदा उरलेला चमचा-दोन चमचे घावनाच्या पिठात ढकलावा.

तयार पिठी मुठीत दाबली की मुटका व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा.

यातली ५० ग्रॅम पिठी आत्ताच बाजूला काढा, ताटात पसरून पूर्ण कोरडी करा आणि वेगळ्या डबीत ठेवा. तळताना गूळ जास्त झाला असं लक्षात आलं की ही डबी कामाला येते. बाजारची तांदळाची पिठी त्या वेळी मिसळली तर ती न भिजलेली असल्याने कचकच लागते.

गूळ मिसळणं आणि मुरवणं

पिठी मोजावी, मगच गूळ मोजावा. ५०० ग्रॅम ओलसर पिठीला ४०० ग्रॅम गूळ. काटा नसेल तर एक सपाट वाटी पिठीला एक सपाट वाटी किसलेला गूळ, वाटी दाबून न भरता. गूळ बारीक किसणीवर किसून घ्यायचा. खडे राहिले तर ते तुपात वितळून बाहेर येतात, तिथे भोक पडतं आणि कढईच्या तळाशी काळे डाग साचतात.

परातीत पिठी, गूळ आणि दोन चमचे तूप एकत्र करून तळहाताने रगडावं. पाणी, दूध काही नाही. सुरुवातीला ते भुरभुरीत दिसेल, गोळा होणारच नाही असं वाटेल. घाबरून पाणी घालू नये. पाच-सात मिनिटांत गुळाला पिठीतली ओल मिळते आणि मिश्रण जुळून येतं. आंब्याएवढे मुटके करून स्टीलच्या किंवा काचेच्या कोरड्या डब्यात दाबून भरावेत आणि झाकण घट्ट लावावं.

पहिले दोन दिवस बाहेर ठेवावं. गूळ पिठीतलं पाणी ओढून घेत राहतो आणि मिश्रण रोज थोडं सैल पडतं. तिसऱ्या दिवशी डबा उघडून स्वच्छ कोरड्या हाताने एकदा मळून, खालचं वर करून पुन्हा भरावं. पाचव्या-सहाव्या दिवशी मुटका कापला तर आतला रंग सगळीकडे एकसारखा दिसतो, पांढरे ठिपके उरत नाहीत. ही मुरल्याची खूण. थंडीत सात-आठ दिवस लागू शकतात. लंडन किंवा टोरांटोसारख्या थंड गावी डबा ओव्हनमध्ये, ओव्हन न पेटवता फक्त आतला दिवा लावून ठेवला तर बरोबर ऊब मिळते.

मुरलेली पिठी फ्रिजमध्ये दोन-तीन महिने सहज टिकते. बुरशीचा एखादा ठिपका दिसला तरी सगळी टाकायची, वरचा थर काढून चालत नाही.

इतके दिवस थांबायचं नसेल, तर दक्षिणेतली पद्धत आहे. तमिळनाडूतलं अधिरसम आणि आंध्र-तेलंगणातले संक्रांतीचे अरिसेलू याच ओल्या पिठीचे, पण तिथे गुळाचा पाक करून त्यात पिठी घालतात. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की त्याची मऊ गोळी व्हायला हवी. पाक पुढे गेला की पदार्थ दगड होतो. मिश्रण एक रात्र झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी तळता येतं. तळल्यावर दोन चपट्या झाऱ्यांमध्ये किंवा लाकडी फळ्यांमध्ये दाबून तेल काढतात, त्यामुळे जाळी दबते आणि पदार्थ मऊ, भरीव राहतो. चवीला उत्तमच, पण आपल्याकडच्या अनारशाची खुसखुशीत कड त्यात येत नाही. ती हवी तर मुरवण्याला पर्याय नाही.

तळणी

लागेल तेवढीच पिठी काढा, चार-पाच गोळ्यांची. फ्रिजमधली असेल तर तासभर बाहेर ठेवा. हाताने चांगली मळून मऊ करा. भेगा पडत असतील तर चमचाभर दूध किंवा पिकलेल्या केळ्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कुस्करून घाला. केळं किंवा दूध घातलेली पिठी परत डब्यात जाता कामा नये, ती आंबते.

खसखस निवडून घ्यावी, भाजू नये. केळीच्या पानावर, किंवा प्लॅस्टिकच्या जाड कागदावर, चिमूटभर पसरावी. २० ग्रॅमची गोळी, म्हणजे मोठ्या सुपारीएवढी, तिच्यावर ठेवून बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे थापत न्यावी. अडीच इंच व्यासाची आणि जेमतेम चार मिलिमीटर जाडीची पुरी व्हावी. लाटण्याने लाटू नये, खसखस आत दाबली जाते आणि पुरी कडेला फाटते. मध्यभाग कडेपेक्षा किंचित पातळ ठेवला तर जाळी मधूनही पडते.

कढई लहान आणि बुडाला सपाट असलेली बरी. मोठ्या कढईत दोन-तीन एकदम सोडायचा मोह होतो, पण अनारसा एका वेळी एकच तळायचा. तूप मध्यम आचेवर तापवा. पिठीचा वाटाण्याएवढा तुकडा टाकून पाहा. तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत फेसाळत वर आला की आच बरोबर. लगेच उसळून वर आला आणि लाल झाला तर तूप जास्त तापलं आहे. तळाला बसूनच राहिला तर थंड आहे. तापमापी असेल तर १५० अंश सेल्सियसच्या आसपास.

आता खसखशीची बाजू वर ठेवून पुरी तुपात हलकेच सरकवा. ती तळाशी जाईल, कडेने बुडबुडे सुटतील, मग तरंगू लागेल. गॅस मंद करा. झाऱ्याने कडेचं तूप अनारशाच्या माथ्यावर उडवत राहा. तूप पडेल तिथे पिठी फुगते, बुडबुडा फुटतो आणि त्याचं छिद्र राहतं. हीच जाळी. अनारसा उलटायचा नाही. उलटला की खसखस तुपात सांडते, जळते आणि पुढच्या प्रत्येक अनारशाला काळे ठिपके लागतात. दीड ते दोन मिनिटांत कड बदामी होते आणि बुडबुडे कमी होतात. रंग हवा त्यापेक्षा एक छटा आधीच काढा, कारण गूळ बाहेर आल्यावरही थोडा गडद होत राहतो.

काढताना झाऱ्यावर तिरका धरून कढईच्या कडेला क्षणभर टेकवावा, तूप निथळतं. मग चाळणीत उभा ठेवायचा, आडवा नाही. खाली ताट ठेवलं की निथळलेलं तूप परत वापरता येतं. आडवे एकावर एक ठेवले तर जाळीतलं तूप तिथेच थिजतं आणि अनारसा तुपकट लागतो. या वेळी तो मऊ, मोडेल असा असतो. तो कच्चा राहिला असं समजून पुन्हा तुपात सोडू नये. गार होताना कड खुसखुशीत होते.

आठ-दहा अनारसे झाले की तूप गाळून घ्यावं. तळाशी बसलेली खसखस काढली नाही तर शेवटचे अनारसे कडवट लागतात.

बिघडलं तर

पहिला अनारसा हा चाचणीचा. तो तळून, गार करून, मोडून पाहिल्याशिवाय पुढचे थापू नयेत.

*अनारसा हसला*, म्हणजे तुपात पडताच पसरून विरघळला: गूळ जास्त, पिठी फार ओली किंवा तूप थंड, या तिन्हींपैकी काहीतरी. पिठी तुपात घट्ट व्हायच्या आत गूळ वितळला, की त्याला धरून ठेवायला काही उरत नाही. आधी आच वाढवून दुसरा टाकून पाहा. तोही हसला तर राखून ठेवलेल्या कोरड्या पिठीतली एक चमचा, चार-पाच गोळ्यांच्या पिठीत मिसळून, अर्धा तास झाकून ठेवून मग पुन्हा चाचणी घ्या. घाईने दोन-तीन चमचे एकदम घातले तर अनारसा कडक होतो आणि परतीची वाट नसते.

*जाळी पडली नाही*: पिठी मुरलेली नाही, पुरी जाड झाली किंवा वरून तूप उडवलं गेलं नाही. पिठी कच्ची असेल तर डबा बंद करून दोन दिवस थांबणं हाच उपाय.

*कडक झाला*: गूळ कमी किंवा तळणी लांबली. गूळ कमी असेल तर चमचाभर बारीक किसलेला गूळ रगडून एक रात्र ठेवावा. लगेच तळला तर तो गूळ आत मिसळलेला नसतो आणि अनारसा हसतो.

*बाहेरून लाल, आतून कच्चा*: तूप तापलेलं. कढई उतरवून दोन मिनिटं थांबा.

*कडेला फाटला*: पिठीत कणी आहे किंवा ती कोरडी आहे. पुन्हा मळून दूध लावून पाहावं. कणी असेल तर या खेपेला इलाज नाही, आणि चवीला काही बिघडत नाही.

दुकानातली तयार पिठी आणली तरी हीच चाचणी घ्यावी. ती बहुधा थोडी कोरडी असते, आदल्या रात्री दोन चमचे तूप लावून मळून ठेवली की सुधारते.

साखरेचे अनारसे

गुळाऐवजी तेवढीच पिठीसाखर घेतली की पांढरेशुभ्र, जास्त नाजूक अनारसे होतात. साखर गुळाइतकी ओल धरत नाही, म्हणून तुपाचं प्रमाण दुप्पट करावं आणि तळण्याआधी दुधाचा हात लावावा. आच आणखी मंद हवी. यांना रंग येऊ द्यायचा नाही.

खसखस नसेल तर

संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे. तिथल्या नातेवाइकांना फराळ पाठवताना खसखस लावलेले अनारसे पाठवू नयेत आणि सामानातही नेऊ नयेत, अडचण गंभीर होते. तिथे पांढरे तीळ लावावेत. ती पद्धत कुठे नवी नाही. बिहारमधल्या गयेत खवा भरलेला अनारसा तिळातच घोळवतात. ओडिशात मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीसाठी होणाऱ्या अरिसा पिठ्यालाही तीळ असतात. आपल्याकडेही मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीव्रत होतं, तेव्हा नैवेद्याला तिळाचे अनारसे करायला काहीच हरकत नाही. तीळ खसखशीपेक्षा लवकर लाल होतात, म्हणून त्यांच्यावर तूप जरा कमी उडवावं.

ठेवणं आणि वाण

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत, उभे किंवा तिरके, थरांमध्ये बटर पेपर घालून. कोमट भरले तर वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी कड लिबलिबीत होते. घट्ट डब्यात पंधरा दिवस छान राहतात, चव दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगली लागते. वाणासाठी ३३ हवे असतील तर ४० तळावेत. चाचणीचे आणि फाटलेले वगळून, जाळी नीट पडलेले ३३ निवडून घेता येतात. अधिक महिन्यात जाळीदार पदार्थांचंच वाण देतात, म्हणून इथे निवड महत्त्वाची. आणि हे वाण उन्हाळ्यात प्रवासाने न्यायचं असेल तर डबा गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवू नये. उन्हात गूळ पाझरतो आणि अनारसे एकमेकांना चिकटतात.